पातळ लॅपटॉपच्या पोटात

परवा एका पॉटलकला, म्हणजे ज्याने-त्याने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, एकीने विचारलं, "तू नक्की काय काम करतेस गं?" मी म्हटलं, "लॅपटॉप उघडते आणि आ वासते." सगळे हसले. मी खरं तेच सांगत होते!

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात वर्षातून एक किस्सा घडतो आणि तो तो बारा महिने पुरवतो. आमच्याकडे आठवड्याला एक घडतो, पण सांगायला वेळ कुणाला आहे? मग ते साचतात, बेसमेंटमधल्या रिकाम्या खोक्यांसारखे. फेकवत नाहीत आणि पायात येतात. आज त्यातले थोडे वर काढते.

आधी आमची जागा सांगते. कॅल्गरीतली छोटी लॅब. कंपन्यांना आपल्या लोकांसाठी हलके, पातळ लॅपटॉप घ्यायचे असले की आधी एक-दोन नग आमच्याकडे येतात. आम्ही ते पळवतो, तापवतो, उघडतो, आतलं सामान जाहिरातीशी ताडून बघतो आणि रिपोर्ट देतो. पुढच्या बाजूला एक काउंटर आहे, तिथे साधी माणसंही आपले बिघडलेले लॅपटॉप घेऊन येतात. आम्ही तिघं. मालक डग, साठीला आलेला गोरा कॅनेडियन, आवाजाने मोठा आणि मनाने त्याहून मोठा. मिलिंद गजभिये, नागपूरचा, याच्याइतका अलगद लॅपटॉप उघडणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि मी, शुभदा. डग मला "शू" म्हणतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, तो गप्प बसायला सांगतोय!

* * *

नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते. कॅनडात येऊन दहा महिने. शेकडो ठिकाणी अप्लाय करून मिळालेली पहिली धड नोकरी, म्हणजे मी श्वासही विचारून घेत होते.

एका तेल कंपनीला त्यांच्या इंजिनिअर लोकांसाठी तीनशे लॅपटॉप घ्यायचे होते. त्यातला एक तपासायला माझ्याकडे आला. असे पातळ लॅपटॉप जोरात कामाला लावले की तापतात, आणि तापले की आपणहून वेग कमी करतात. हा मात्र दोन तास पूर्ण जोर लावूनही जरा ढिला पडला नाही! मी तीनदा चाचणी केली. तिन्ही वेळा तेच. मी रिपोर्टमध्ये "अफलातून" याला जेवढा सभ्य इंग्रजी शब्द सापडला तेवढा वापरला, आणि डगने तो पाठवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी सहज फोटोसाठी परत चालवला. पंधरा मिनिटांत वेग निम्मा! खालून हात लावला तर चटका!

केबल तपासली, सॉफ्टवेअर तपासलं, सगळं पुसून नव्याने टाकलं. तेच. मिलिंद शेजारच्या टेबलावरून शांतपणे म्हणाला, "शुभदाताई, काल तुम्ही जॅकेट घालून बसल्या होत्या ना?"

"हो."

"आज?"

आज मी सुती कुर्त्यात होते. माझं टेबल माल उतरवायच्या दाराला लागून, आणि त्या दाराखाली दोन बोटं फट. काल, सोमवारी, बाहेर उणे अठ्ठावीस होतं. आज, मंगळवारी, शिनूक आला होता, रॉकीजवरून येतो तो उबदार वारा, आणि बाहेर बर्फाचं पाणी वाहत होतं. काल माझ्या लॅपटॉपला अख्ख्या अल्बर्टाचा एसी लागलेला होता!

नोकरी गेली, असं मनाशी म्हणत मी डगच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. मग त्याने कंपनीला फोन लावला, स्पीकरवर, माझ्यासमोर. म्हणाला, "लॅपटॉप उत्तम आहे. फक्त एक अडचण आहे. तो जानेवारीत, घराबाहेर उत्तम आहे."

मी डोळे मिटून घेतले.

"डग," पलीकडचा माणूस म्हणाला, "माझी निम्मी माणसं जानेवारीत घराबाहेरच असतात. तीनशे पाठवायला सांग!"

* * *

एकदा एका नव्या, नाव न ऐकलेल्या ब्रँडचा सेल्समन आला. बाहेर गुडघाभर स्लश, म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल, आणि याचे बूट आरशासारखे. त्याचा लॅपटॉप खरंच देखणा होता. एका बोटावर तोलता येईल असा. "चार स्पीकर!" त्याने चार बोटं दाखवली. "एवढ्या पातळ बॉडीत चार! सिनेमा हॉल!"

मिलिंदने त्याच्यासमोरच खालचं झाकण उघडलं. पुढे दोन स्पीकर. मागच्या दोन जाळ्यांखाली मात्र काळ्या फोमचे दोन नीट कापलेले चौकोन. वायर नाही, काही नाही. मिलिंदने चिमट्याने एक चौकोन उचलून उजेडात धरला.

डगने आ वासला. "हा स्पीकर आहे?"

सेल्समन जराही हलला नाही. "ते दोन बॅलन्ससाठी आहेत."

"आवाजाचा बॅलन्स?"

"नाही, लॅपटॉपचा. टेबलावर डुगडुगायला नको!"

* * *

टोरांटोजवळच्या ओकव्हिलच्या करंदीकर काकांचा लॅपटॉप कुरिअरने आला. वय सत्तरच्या पुढे, पण अजून आठवड्यातून दोनदा गो नावाच्या लोकल ट्रेनने टोरांटोला जाऊन सल्ला देणारे गृहस्थ. लॅपटॉप फार तापतो आणि मध्येच बंद पडतो अशी तक्रार, सोबत टाइप केलेलं दोन पानी पत्र. त्यात एक ओळ अधोरेखित: यंत्राच्या जवळपास कधीही, कोणताही द्रवपदार्थ आणलेला नाही. मुद्दा वॉरंटीचा होता. आत पाणी गेलं असेल तर बोर्ड फुकट बदलून मिळत नाही.

मी तो जोर लावून चालवला. दहा मिनिटं गेली. तापमान चढलं. आणि लॅबमध्ये वास सुटला. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. डग केबिनमधून बाहेर आला, नाक वर करून. "कोण चाय करतंय?"

कुणीच करत नव्हतं. मी वाकून लॅपटॉपच्या फटीपाशी नाक नेलं आणि ताडकन मागे झाले. आलं! वेलची! वाफाळता कटिंग चहा, अॅल्युमिनियमच्या पेटीतून!

उघडल्यावर बोर्डवर तपकिरी डाग, आणि ओल लागली की लाल होतो तो छोटा पांढरा ठिपका कुंकवासारखा लाल. मी काकांना फोन लावला. वडीलधारा माणूस, कसं सांगावं?

"काका, आत थोडी ओल दिसतेय..."

"अशक्य! ॲब्सोल्यूटली नॉट! मी पत्रात लिहिलंय."

"तसं नाही काका, पण चहासारखं काहीतरी..."

"मी सांगतो ना, लॅपटॉपजवळ मी पाण्याचा ग्लाससुद्धा ठेवत नाही!"

मागून मिलिंद डाग हुंगत, माझ्यापेक्षा स्वतःशीच बोलला, पण फोन स्पीकरवर होता. "आलं आहे, वेलची आहे... अन् गवती चहा."

"गवती चहा?" काका फोनवर कडाडले. "आमच्या घरात चहात गवती चहा कधीच घालत नाहीत!"

मग काका खूप हळू आवाजात म्हणाले, "बरं, हिला सांगू नका. हिने मला लॅपटॉपशेजारी चहा घ्यायला बंदी घातलीये."

* * *

हा पुढचा किस्सा थोडा वेगळा आहे.

केतकी नावाची मुलगी काउंटरवर आली. पुण्याची, कॅल्गरीत येऊन वर्ष झालेलं, नवरा कामासाठी दूर उत्तरेला, फोर्ट मॅकमरीला, आणि आठ महिन्यांचं बाळ स्ट्रोलरमध्ये गाढ झोपलेलं. बाळंतपणानंतर मिळालेला पहिला इंटरव्ह्यू, तोही त्याच दिवशी, दीड तासाने, ऑनलाइन. आणि तिच्या लॅपटॉपचा टचपॅड दाबलाच जात नव्हता.

"ताई, एवढं क्लिक करून द्या ना. बाकी काही नको," ती म्हणाली. वाकून तिने स्ट्रोलरच्या खालच्या जाळीतून लॅपटॉप काढला.

मी तो हातात घेतला. पातळ लॅपटॉप, पण मधोमध पोट आल्यासारखा फुगलेला! टचपॅडखाली बॅटरी असते. ती फुगून टचपॅडला खालून रेटत होती. अशी बॅटरी म्हणजे काय, ते आमच्या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. जरा दाब आला, टोक टोचलं, तर भडका!

"हा कधीपासून असा आहे?"

"दोन-तीन आठवडे. वर येत होता ना, म्हणून मी त्याच्यावर पोळपाट ठेवते. पोळपाटावर डाळीचा डबा. सकाळी जरा सपाट होतो."

पोळपाट! वर डाळीचा डबा! आणि आज, सीट्रेनमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, झोपलेल्या बाळाच्या बरोब्बर खाली!

"मिलिंद," मी एवढंच म्हटलं. त्याने माझा चेहरा बघितला, पुढे येऊन लॅपटॉप माझ्या हातातून आडवाच घेतला, गरम तव्यावरचं धिरडं उचलावं तसा, आणि मागच्या दाराने बाहेर पडला. मागे वाळूची पत्र्याची पेटी असते. डगने दुसऱ्या बाजूने स्ट्रोलर धरला, थेट पुढच्या दाराबाहेर नेला आणि बाळाला आपल्या गाडीत हीटर लावून ठेवलं. केतकी त्याच्यामागे धावली. "अहो, काय झालं? काय केलं मी?"

मिलिंदने बाहेर थंडीत उभं राहून स्क्रू काढले. मी काचेतून बघत होते. झाकण सुटलं आणि बॅटरी उशीसारखी वर आली. त्याने ती प्लास्टिकच्या पट्टीने सोडवली, वाळूत ठेवली, वरून वाळू ओतली आणि दोन पावलं मागे झाला. एका मिनिटाने पेटीतून फुस्सकन धुराची बारीक रेघ निघाली. एवढंच. पण निघाली.

परत आत येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिलेल्या केतकीने ती बघितली. गाडीपाशी गेली, बाळाला उचललं आणि त्याच्या मानेत तोंड घालून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "ताई, मी रोज त्याच्या पाळण्याशेजारी चार्जिंगला लावत होते..."

डगने घड्याळ बघितलं. "इंटरव्ह्यू किती वाजता आहे?"

"आता कसला इंटरव्ह्यू, सर!"

"माझ्या केबिनमध्ये बस. माझा लॅपटॉप घे. बाळ इकडे दे."

आणि तिने इंटरव्ह्यू दिला! डोळे पुसून, केस बांधून, डगच्या खुर्चीत बसून. दार उघडंच राहिलं होतं आणि बाळाला घेऊन डग मागे येरझारा घालतोय हे कॅमेऱ्यात दिसतंय, हे तिच्या लक्षात आलं नाही. समोरच्या टीममधल्या एका बाईंनी विचारलं, "मागे तुमचे वडील आहेत का?"

केतकी वळली. डगने बाळाचा हात धरून कॅमेऱ्याकडे हलवला आणि म्हणाला, "आजोबा! माझ्याकडे लक्ष देऊ नका, ती हुशार आहे, तिला प्रश्न विचारा!"

नोकरी तिला मिळाली. पण नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिची पंचाईत झाली. टीममधले सगळे विचारतात, तुझे वडील सासकाचवान प्रांतातले आहेत का गं? त्यांचा अॅक्सेंट तसाच वाटला!

* * *

मिलिंदची आई नागपूरहून आली होती. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई. घरात एकटी कंटाळते म्हणून एक दिवस मिलिंद तिला लॅबमध्ये घेऊन आला. पातळावर पार्का नावाचा जाड कोट, पायात मोठे स्नो बूट. खुर्चीवर बसून ती सगळं बारीक नजरेने बघत होती.

नेमका त्या दिवशी मिलिंद वैतागलेला. आठवड्यापूर्वी त्यानेच उघडून, तपासून, पास करून पाठवलेला लॅपटॉप परत आला होता. टेबलावर ठेवला की उत्तम चालायचा. मांडीवर घेतला की फट्कन बंद! दोन दिवस झाले, सगळ्या चाचण्या पास, दोष सापडेना. गिऱ्हाईक मोठं होतं आणि डग काही बोलत नव्हता, ते जास्त लागत होतं.

मिलिंदने पुन्हा दहा स्क्रू काढून वाटीत टाकले. आई उठली.

"काहून रे, सारे एकाच वाटीत?"

"स्क्रू आहेत आई. सगळे सारखेच."

"सारखे कुठून झाले रे बाप्पा?" तिने चष्मा वर केला, वाटी टेबलावर उलटी केली आणि दहाच्या दहा स्क्रू ओळीत उभे केले. आठ एका उंचीचे. दोन तांदळाच्या दाण्याएवढे जास्त लांब! "हे दोन लंबे हायेत. हे कोण्या भोकातले?"

मिलिंदने लॅपटॉप उलटा केला. लांब स्क्रू वरच्या कोपऱ्यातले होते. आणि त्याने स्वतः, आठवड्यापूर्वी, त्यातला एक मधल्या भोकात बसवला होता. त्या भोकाखाली बोर्डवर सुईच्या टोकाएवढा खळगा पडला होता. मांडीवर घेतलं की बॉडी किंचित वाकायची, स्क्रू बोर्डला टेकायचा, की बंद!

मिलिंद लाल झाला. मी थक्क. डग तर हात जोडून उभा. "मिलिंद, तुझ्या आईने हार्डवेअर कुठे शिकलं, विचार तिला!"

मिलिंदने विचारलं. आई परत खुर्चीत बसत म्हणाली, "त्याले म्हण, मी लोकाइचे सदरे शिवले, पण गळ्याचं बटन कधी बाहीले नाही लावलं!"

मिलिंदने भाषांतर केलं नाही. डगने ते माझ्याकडून करून घेतलं!

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण लोक म्हणतात, तू रचून सांगतेस.

दोन वर्षांपूर्वी मिलिंदचा स्वतःचा लॅपटॉप चोरीला गेला होता. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीची काच फोडून. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमाचे सगळे फोटो आणि भाषणं त्यात होती, तो कार्यक्रम करणाऱ्या असोसिएशनचं काम तो बघतो म्हणून. पोलिसांत कळवलं, आठ-दहा दिवस वाट बघितली, दुसरा घेतला. विषय संपला.

गेल्या महिन्यात हॅलिफॅक्सहून एक लॉट आला. तिथल्या एका कंपनीने वापरलेले लॅपटॉप घाऊक विकत घेतले होते, ते आत काय आणि कसे आहेत एवढं आम्ही उघडून सांगायचं. मी नंबर लिहीत होते, मिलिंद उघडत होता. सगळे एकसारखे, पातळ, करडे. आमचं बोलणं चाललं होतं ते बर्फासाठी लावलेले विंटर टायर कधी काढायचे यावर.

तो बोलता बोलता थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

मी मान वर केली. मिलिंदच्या हातात उघडं झाकण होतं आणि तो त्याच्या आतल्या बाजूकडे बघत होता.

मी उठून गेले. झाकणाच्या आतून काळ्या मार्करने, देवनागरीत, दोन ओळी होत्या. मिलिंदची सवय मला माहीत होती. तो फक्त स्वतःच्या यंत्रांत, आतून, आपल्यालाच आठवण म्हणून मराठीत टीप लिहून ठेवतो. अक्षरही मला माहीत होतं, ते त्याचं तिरकं 'ज'. मी वाचलं:

"पेस्ट नवी लावली. उजवा पंखा कुरकुरतो. बघायचा आहे. मि."

"माझा आहे," तो म्हणाला. "ताई, माझा लॅपटॉप आहे हा."

मी पळत जाऊन त्याच्या खणातून जुन्या पोलीस रिपोर्टची प्रत काढली. सीरियल नंबर एक-एक अक्षर वाचला. तोच! कॅल्गरीच्या पार्किंगमधून गेलेला लॅपटॉप देशाच्या दुसऱ्या टोकाला समुद्रापर्यंत जाऊन परत त्याच माणसाच्या टेबलावर आला होता! डग धावत आला, त्याने मिलिंदच्या खांद्यावर थाप मारली, ओरडला, हसला. मिलिंद मात्र अजून तसाच उभा होता, झाकण धरून.

"हसू नका," तो म्हणाला. "खाली बघा."

त्याच्या दोन ओळींच्या खाली, निळ्या पेनने, मराठीतच, आणखी एक ओळ होती. बारीक, गोल, सुवाच्य अक्षर. मिलिंदचं नव्हे. आमच्यापैकी कुणाचंच नव्हे.

"काय लिहिलंय? शू, वाच ना!" डग म्हणाला.

मी वाचलं.

"बघितला. बदलला. आता कुरकुरत नाही."